चाळिशीनंतर मातीच्या ट्रॅकवर : मोटोक्रॉसच्या पहिल्या शर्यतीआधीचे वर्ष

गोव्यात दुचाकी चालवता येणे ही काही मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीवरून प्रवासी नेणारा ‘पायलट’ ही या भूमीची खास ओळख. कॉलेजात पाऊल टाकले की स्कूटर आणि नोकरी लागली की मोटारसायकल, हा क्रम घराघरांत ठरलेला. त्यामुळे मुले मोठी झालेला, कर्जाचे हप्ते आटोक्यात आलेला पंचेचाळिशीचा एखादा गृहस्थ मोटोक्रॉसचा ध्यास घेतो, तेव्हा त्याची पहिली समजूत अशी असते की गाडी तर आपल्याला येतेच, आता फक्त उड्या मारायला शिकायचे. मातीच्या ट्रॅकवरील पहिल्या तासाभरातच ही समजूत गळून पडते. रस्त्यावर पंचवीस वर्षे ज्या सवयींनी त्याला सुरक्षित ठेवले, त्याच सवयी येथे त्याला पाडतात.

मोटोक्रॉस म्हणजे ओबडधोबड मातीच्या बंदिस्त ट्रॅकवर, चढ-उतार, वळणे आणि उड्या पार करत अनेक चालकांनी एकाच वेळी धावण्याची शर्यत. तिचा उगम इंग्लंडमधला. १९२४ साली सरे परगण्यातील कॅम्बर्ली येथे मोटारसायकलस्वारांनी एक शर्यत भरवली. तिच्यात कौशल्याचे गुण मोजले जाणार नव्हते, जो आधी पोहोचेल तो विजयी, एवढाच नियम होता. त्यामुळे तिला प्रचलित ‘ट्रायल’ हे नाव देता येईना आणि ‘स्क्रॅम्बल’ म्हणजे झुंबड, हे नाव पडले. पुढे फ्रेंच भाषकांनी मोटारसायकल आणि क्रॉस-कंट्री या दोन शब्दांची सांगड घालून ‘मोटोक्रॉस’ हा शब्द रूढ केला. १९५७ पासून या खेळाला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा आहे. हाच खेळ स्टेडियममध्ये माती ओतून, आखूड आणि अधिक उड्यांच्या ट्रॅकवर खेळला गेला, की त्याला सुपरक्रॉस म्हणतात. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झालेली अशी पहिली मोठी शर्यत मार्टी ट्राइप्स या सोळा वर्षांच्या मुलाने जिंकली होती. हा तरुणांचाच खेळ, ही प्रतिमा तेव्हापासून घट्ट झाली.

मात्र त्याच कॅलिफोर्नियात ग्लेन हेलन येथे १९८५ पासून प्रौढ चालकांची जागतिक स्पर्धा भरते. तिच्यात तिशी, चाळिशी, पन्नाशी आणि साठीवरील चालकांचे वेगवेगळे गट असतात. आपल्याकडे प्रौढांचा असा स्वतंत्र गट अद्याप रुजलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातील बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा त्यात ४५० सीसी आणि २५० सीसीच्या गटांबरोबर मुलांसाठी ८५ सीसीचा गट होता, परंतु पालकांच्या वयाचा गट नव्हता. याचा व्यावहारिक अर्थ असा की, येथे चाळिशीनंतर शर्यतीत उतरणाऱ्याला स्थानिक स्पर्धेतील नवोदितांच्या गटात, म्हणजे बहुधा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभे राहावे लागते. त्यांच्याशी वेगात बरोबरी होणार नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

पंचवीस वर्षांच्या सवयी

मोटोक्रॉसची गाडी दिसायला लहानखुरी, पण जात निराळी. ४५० सीसी गाडीचे वजन साधारण ११० किलो, म्हणजे आपल्या ओळखीच्या हिरो स्प्लेंडरइतकेच. परंतु स्प्लेंडरच्या इंजिनाची ताकद आठ अश्वशक्ती आणि हिची पन्नासहून अधिक. चाके वर-खाली होण्यासाठी रस्त्यावरील गाडीला वीतभरही जागा नसते, तर हिच्या सस्पेन्शनला जवळजवळ फूटभर, सुमारे तीनशे मिलिमीटर, चाल असते. दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही. म्हणूनच ती सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही आणि ट्रॅकपर्यंत पिकअपमधूनच न्यावी लागते. भारतात मिळणाऱ्या कावासाकी अथवा केटीएमच्या अशा गाड्या आठ ते दहा लाखांच्या आसपास जातात. हौशी माणूस नेमकी येथे पहिली चूक करतो. तो थेट ४५० घेतो. मध्यमवयात पैसा हाताशी असतो आणि धीर कमी असतो, त्याचा हा परिणाम. ४५० सीसीची गाडी नवशिक्याच्या मनगटाच्या एका चुकीला क्षमा करत नाही. पहिले वर्ष प्रशिक्षण संस्थेच्या गाडीवर, किंवा हिरो एक्सपल्स २०० सारख्या दीड लाखाच्या आसपास मिळणाऱ्या, रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीवर काढणे अधिक शहाणपणाचे. एक्सपल्सचे वजन १६० किलोच्या घरात असल्याने ती उड्यांसाठी नव्हे, परंतु उभे राहून तोल सांभाळायला ती उत्तम शिकवते.

कारण सारे कौशल्य उभे राहण्यापासून सुरू होते. रस्त्यावर चालक सीटवर बसतो आणि गाडी त्याला वाहून नेते. मातीत तो फूटरेस्टवर उभा असतो, गुडघे किंचित वाकलेले, कोपरे बाहेर काढलेली, डोके हँडलच्या वर, आणि गाडी त्याच्या खाली स्वतंत्रपणे उसळत राहते. गुडघ्यांनी टाकी आवळून धरायची आणि हात सैल सोडायचे. बसायचे ते फक्त वळणात, आणि तेही सीटच्या पुढच्या टोकावर, आतल्या बाजूचा पाय पुढे ताणून. रस्त्यावरील सवय नजर पुढच्या चाकासमोर खिळवते, कारण तेथे खड्डा असतो. ट्रॅकवर खड्डे मोजत बसणाऱ्याला पुढचे वळण दिसतच नाही. म्हणून नजर नेहमी दोन वळणे पुढे. ब्रेकचीही तीच कथा. मागच्या ब्रेकवर सगळा विश्वास टाकणारा आपला चालक पुढच्या ब्रेकला बिचकतो. वास्तविक वेग उतरवण्याचे बहुतेक काम पुढचे चाकच करते. ते एका बोटाने, हळूहळू दाब वाढवत, आणि गाडी सरळ असताना करून घ्यायचे असते.

हे पुस्तक वाचून किंवा चित्रफिती पाहून साधत नाही. बंगळुरूजवळ, कोलारच्या बाजूला, सी. एस. संतोष यांनी उभारलेली बिगरॉक ही प्रशिक्षण संस्था या कामासाठी परिचित आहे. गोव्याहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तेथे किंवा पुण्याकडच्या एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडे पहिले दोन-तीन दिवस घालवल्याने पुढची दोन वर्षे चुकीच्या सवयी मोडण्यात जात नाहीत. चाळिशीनंतर शिकणाऱ्याची एक जमेची बाजू प्रशिक्षक आवर्जून मान्य करतात. त्याला सांगितलेले तो ऐकतो. विशीतला मुलगा उडी मारून दाखवतो आणि मग विचारतो, प्रौढ माणूस आधी विचारतो.

सरावाच्या जागेचा प्रश्न मात्र गोव्यात नाजूक आहे. समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी पर्यटकांवर कारवाई झाल्याच्या बातम्या येतच असतात. जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात ओसाड भासतात, परंतु पहिल्या पावसानंतर त्यांच्यावर जी इवलीशी रानफुले आणि गवते उगवतात, त्यांचे बीज त्या पातळ मातीच्या थरातच दडलेले असते. चाकांनी तो थर एकदा उखडला की वर्षानुवर्षे भरून येत नाही. शिवाय सडा कोमुनिदादचा असो वा खासगी, त्याला मालक असतो. लेखी परवानगी घेतलेली, गावापासून दूर, जिचा आवाज कुणाच्या दुपारच्या झोपेवर येणार नाही अशी जमीन मिळाली तरच तेथे सराव करावा. एरवी महिन्यातून एकदा पुण्याची वाट धरलेली बरी. एकट्याने तर सराव कधीच करू नये. सोबत दुसरा माणूस, मोबाईलला रेंज आणि वाहन, या तीन गोष्टींशिवाय गाडी पिकअपमधून उतरवू नये.

हृदय, मनगट आणि पाडेली

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, गाडी धावते आणि माणूस वर उभा असतो. त्यात श्रम कसले? फिनलंडमधील युवास्कुला विद्यापीठातील संशोधकांनी मोटोक्रॉस चालकांवर केलेल्या मोजमापांनी या समजाला चांगलाच छेद दिला. शर्यतीच्या वेगाने गाडी चालवताना चालकांच्या हृदयाचे ठोके जवळजवळ पूर्ण वेळ त्यांच्या कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या वर राहिले, आणि शेवटी हाताच्या पकडीची ताकद लक्षणीय घटलेली आढळली. जागतिक मालिकेतील प्रत्येक शर्यत ३० मिनिटे आणि वर दोन फेऱ्यांची असते. नवोदितांची शर्यत दहा-पंधरा मिनिटांतच आटोपते. परंतु ‘२२० वजा वय’ या ढोबळ हिशेबाने पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचे कमाल ठोके १७५ धरले, तर त्या पंधरा मिनिटांत त्याचे हृदय मिनिटाला १५५ ते १७० ठोक्यांवर राहणार. गेली वीस वर्षे ज्याने खुर्चीतून उठून फक्त गाडीपर्यंतचे अंतर चालले, त्याच्या हृदयाकडून ही मागणी अचानक करणे धोक्याचे आहे.

त्यामुळे पहिला खर्च हेल्मेटचा नव्हे, वैद्यकीय तपासणीचा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि ट्रेडमिलवरील स्ट्रेस टेस्ट. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांच्या तुलनेत साधारण दशकभर आधी गाठतो, हे येथे विसरता येत नाही. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे किंवा जे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्या बाबतीत प्रश्न दमछाकीपुरता राहत नाही. पडल्यावर डोक्याला बसणारा मारही त्यांना अनेक पटींनी महाग पडू शकतो. अशा व्यक्तीने या खेळात चालक म्हणून उतरू नये, हे कटू असले तरी स्पष्ट सांगितलेले बरे. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील महिलांनी हाडांच्या घनतेची तपासणीही करून घ्यावी. आणि सर्वांनीच धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण माती आणि जखम यांची गाठ येथे ठरलेलीच आहे.

आपल्या हवामानाने वर्षाची विभागणी आयतीच करून दिली आहे. जून ते सप्टेंबर ट्रॅकवर चिखलाचे राज्य असते. तो काळ शरीरासाठी वापरावा. आठवड्यातून तीन-चार वेळा सायकल, पोहणे किंवा चढणीची चाल, बोलता येईल इतक्याच वेगाने. दोन-तीन महिन्यांत हा पाया बसल्यावर आणि डॉक्टरांची हरकत नसल्यास, आठवड्यातून एकदा तीव्र व्यायाम: चार मिनिटे जोरात, तीन मिनिटे सावकाश, असे चार वेळा. त्याखेरीज आठवड्यातून दोनदा मांड्या, पाठ, पोट आणि मान यांची ताकद वाढवणारे व्यायाम. चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे घटत असतात, ते वजने उचलल्याशिवाय थांबत नाहीत. मात्र विशीत जो थकवा एका रात्रीत उतरत असे, तो आता दोन-तीन दिवस रेंगाळतो. तरुणाचे वेळापत्रक उसने घेऊन रोज व्यायाम करणारा प्रौढ माणूस तिसऱ्या आठवड्यात कंबर धरून बसतो. व्यायामाइतकीच विश्रांतीही वहीत नोंदवावी.

एका व्याधीची ओळख प्रत्येक नवशिक्याला होते. तिला चालकांच्या भाषेत ‘आर्म पंप’ म्हणतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगडासारखा कडक होतो, बोटे वळेनाशी होतात आणि क्लच-ब्रेक दाबणे अशक्य होते. कारण असे की, हँडल सतत आवळून धरल्याने स्नायूंत रक्त भरते, परंतु त्यांच्या भोवतालचे न ताणणारे आवरण त्या फुगवट्याला जागा देत नाही. आतला दाब वाढतो आणि रक्ताचा ओघच मंदावतो. यावर नवशिक्या हाताचे व्यायाम वाढवतो, आणि बहुधा त्याचा रोख चुकलेला असतो. दोष हाताच्या ताकदीचा नसतो, पकडीचा असतो. माडावर चढणारा पाडेली पाहावा. त्याने सगळा भार हातांवर टाकला तर तो दुसऱ्या माडापर्यंत पोहोचणार नाही. तो माड पायांनी धरतो आणि हात केवळ आधाराला ठेवतो. मोटोक्रॉसचा चालकही गाडी गुडघ्यांनी आणि पोटऱ्यांनी धरतो. मांड्या थकल्या की पकड हातांकडे सरकते आणि आर्म पंप सुरू होतो. म्हणजे दुखतो हात, पण कमी पडलेली असते मांडी. भीतीही हात आवळते. त्यामुळे सरावाने भीती ओसरली की निम्मी व्याधी आपोआप कमी होते.

उडीचे गणित

उडी हे मोटोक्रॉसचे आकर्षण आणि दुखापतीचे मोठे कारण. तिचा हिशेब साधा आहे. दोन मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर गाडी आदळली तर खालच्या दिशेचा वेग ताशी बावीस किलोमीटरच्या पुढे जातो आणि तो सारा धक्का सस्पेन्शन, घोटे, गुडघे आणि पाठीचा कणा यांनी वाटून घ्यायचा असतो. तीच गाडी उतरणीवर उतरली, तर तिची दिशा आणि जमिनीचा उतार जवळजवळ समांतर असतात, आणि धक्का नाहीसा झाल्यासारखा वाटतो. म्हणून उडी किती उंच गेली याला महत्त्व नाही, ती कोठे उतरली याला आहे. दोन ढिगांच्या मध्ये खड्डा असलेल्या उडीला ‘डबल’ म्हणतात. तेथे वेग कमी पडला तर पुढचे चाक दुसऱ्या ढिगाच्या छातीवर आपटते. मधली जागा भरून सपाट केलेली उडी म्हणजे ‘टेबलटॉप’. तेथे कमी पडलेला चालक वरच्या सपाटीवर उतरतो, दात वाजतात, एवढेच. प्रौढ नवशिक्याने पहिल्या वर्षी टेबलटॉपच्या पलीकडे जाऊ नये. डबल आला की वेग कमी करून तो चढून-उतरून पार करावा. शर्यतीतही तसे करण्यास कोणतीही बंदी नाही.

हवेत असताना गाडी चालकाचे थोडेफार ऐकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फिरणाऱ्या मागच्या चाकाला ब्रेक लावला की गाडीचे नाक खाली जाते, अ‍ॅक्सिलरेटर वाढवला की वर येते. घाबरलेला चालक उडीच्या टोकाशी अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि नाक खाली करून उतरतो. हँडलवरून पुढे फेकले जाण्याचे हेच नेहमीचे कारण. उडी सोडेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवणे हा या खेळातील सर्वांत कठीण धडा आहे, कारण तो शरीराच्या सगळ्या सहजप्रवृत्तींविरुद्ध आहे.

पडणे अटळ आहे. पडताना हात सरळ पुढे टेकवला की मनगट किंवा खांद्याजवळचे गळपट्टीचे हाड मोडते, आणि या खेळात मोडणाऱ्या हाडांत त्याचा क्रमांक वरचा आहे. हात छातीशी घेऊन लोळण घेणे शिकून घ्यावे लागते. आयएसआय किंवा ईसीई मानकाचे, हनुवटीपुढे निमुळते असलेले मोटोक्रॉस हेल्मेट, गॉगल, नडगीपर्यंतचे कडक बूट, छाती-पाठीचे कवच आणि गुडघ्यांचे ब्रेस, यांत काटकसर नको. करायचीच असेल तर कपड्यांच्या रंगसंगतीत करावी. आणि एकदा जोराने आपटलेले हेल्मेट, वरून कितीही धडधाकट दिसले तरी, बाद समजावे. आतील थर एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो.

घरचे आणि कागदपत्रे

सी. एस. संतोष हे २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय. आयुष्यभर मातीत घडलेला हा चालक २०२१ च्या डकारमध्ये सौदी अरेबियात पडला, डोक्याला गंभीर इजा झाली आणि डॉक्टरांना त्याला काही काळ औषधांच्या साहाय्याने कोमात ठेवावे लागले. तो त्यातून सावरला. रॅली आणि मोटोक्रॉस यांच्या वेगात व अंतरात फरक आहे, तरीही घरात या विषयाची चर्चा करताना हे उदाहरण लपवून ठेवू नये. मध्यमवयातील माणसावर कुणीतरी अवलंबून असते. पायाचे हाड मोडले तर विशीतल्या मुलाची परीक्षा बुडते, आणि पंचेचाळिशीतल्या माणसाचे दुकान तीन महिने बंद राहते. हा प्रश्न धाडसाचा नाही, हिशेबाचा आहे, आणि तो घरच्यांसमवेत बसूनच मांडायला हवा: वर्षाचा खर्च किती, किती रविवार घराबाहेर, हात प्लास्टरमध्ये असताना दुकान कोण उघडणार, आणि कोणत्या दुखापतीनंतर थांबायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून ठेवलेले बरे. दुखापत झाल्यावर ते उत्तर कुणीच प्रामाणिकपणे देत नाही.

विम्याचा मजकूर भिंग लावून वाचावा. विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यासाठी अपवादांची जी प्रमाण शब्दरचना ठरवून दिली आहे, तिच्या नवव्या कलमात धोकादायक खेळांच्या यादीत मोटार शर्यतींचा नावाने उल्लेख आहे. मात्र तो अपवाद ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेणाऱ्यापुरता आहे. हौशी चालकाला हा शब्द आधार देतो, परंतु बक्षिसाची रक्कम असलेल्या शर्यतीत उतरलेला हौशी कोणत्या बाजूला पडतो, यावर नंतर वाद घालण्यापेक्षा कंपनीकडून लेखी उत्तर आधीच मागवावे. अपघात विम्याच्या आणि मुदत विम्याच्या अटी वेगळ्या असतात, आणि तेथे अर्जात धोकादायक छंदांविषयी विचारले जाते. तो रकाना कोरा सोडणे म्हणजे उद्या वारसांना कज्जात लोटणे.

शर्यतीचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था देते. तिच्या मान्यतेखालील स्पर्धेतच उतरावे. गावच्या जत्रेनिमित्त किंवा कुणाच्या वाढदिवशी शेतात भरवलेल्या शर्यतीत रुग्णवाहिका असेलच याची खात्री नसते, आणि ट्रॅक आखणाऱ्याने उडीच्या उतरणीचा विचार केलेला असेलच असेही नाही.

फाटक पडते तेव्हा

शर्यतीचा दिवस मुख्यतः वाट पाहण्यात जातो. सकाळी गाडीची तांत्रिक तपासणी, मग चालकांची बैठक. ती टाळणाऱ्याला झेंड्यांचे अर्थ ट्रॅकवर कळतात, तेही महागात. हलता पिवळा झेंडा म्हणजे पुढे कुणीतरी पडले आहे. तेथे ओलांडायचे नाही आणि उडी मारायची नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली. पांढऱ्यावर लाल फुली म्हणजे वैद्यकीय पथक ट्रॅकवर आहे. निळा म्हणजे मागून एक फेरी पुढे असलेला वेगवान चालक येत आहे, आणि हा झेंडा प्रौढ नवशिक्याच्या नशिबी हमखास असतो. तो दिसल्यावर घाबरून बाजूला वळू नये. आपली रेषा सरळ धरावी, मागचा आपली वाट शोधतो. अपघात होतात ते पुढच्याने अचानक रेषा बदलल्याने. सरावाआधी संपूर्ण ट्रॅक एकदा पायी चालावा. चिखल कोठे साचला आहे, उडीच्या पलीकडे काय आहे, हे गाडीवरून दिसत नाही.

प्रारंभाच्या रेषेवर सगळे चालक एका आडव्या लोखंडी फाटकामागे उभे राहतात. पाच सेकंदांचा फलक दिसतो, आणि त्यानंतर काही सेकंदांत, नेमके कधी हे कुणालाच ठाऊक नसताना, फाटक पडते. वीस-पंचवीस गाड्या पहिल्या वळणात एकाच जागी घुसू पाहतात. येथे सर्वाधिक धडका होतात. ज्याला सोमवारी कामावर जायचे आहे, त्याने बाहेरच्या बाजूची जागा निवडावी, दोन सेकंद मागे राहावे आणि गर्दी वळून गेल्यावर मोकळ्या मातीतून जावे. त्यात त्याचे दहा क्रमांक जातील. त्यांतले तीन-चार तो पुढच्या फेऱ्यांत परत मिळवतोही, कारण पहिल्या दोन फेऱ्यांत सर्वस्व ओतलेली मुले पाचव्या फेरीत आर्म पंपने हैराण झालेली असतात.

जागतिक नियमांत विजेत्याच्या किमान ७५ टक्के फेऱ्या पूर्ण करणाऱ्यालाच निकालपत्रकात स्थान मिळते. विजेत्याने आठ फेऱ्या मारल्या तर सहा. पहिल्या शर्यतीचे उद्दिष्ट याहून मोठे ठेवण्याचे कारण नाही. पडल्यावर गाडी उचलून ती पुन्हा सुरू करण्याचा सराव मात्र दमलेल्या अवस्थेतही केलेला असावा. ११० किलो मातीतून तिसऱ्यांदा उचलताना ते ११० राहत नाहीत.

शर्यत संपल्यावर आणखी एक दगदग उरते. मोटोक्रॉसच्या गाडीची देखभाल किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजतात. हवेचा स्पंजी फिल्टर प्रत्येक वापरानंतर धुऊन, तेल लावून बसवायचा, इंजिन ऑइल काही तासांनी बदलायचे, साखळी आणि चाकांच्या तारा तपासायच्या. हे त्याच दिवशी करण्याची हौस असते, कारण गाडी घरी नेऊन बायकोमुलांना दाखवायची असते. पुण्याहून गोवा साधारण साडेचारशे किलोमीटर, आणि शेवटी चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट. दिवसभर उन्हात तापलेला, हात आखडलेला, कदाचित डोक्याला हलका मार बसूनही कुणाला न सांगितलेला चालक रात्री पिकअप घेऊन त्या घाटात उतरतो, तेव्हा तो दिवसभरातल्या कोणत्याही उडीपेक्षा मोठा धोका पत्करत असतो. डोके आपटले असेल, मळमळ, झापड किंवा विसराळूपणा जाणवत असेल, तर रात्री पुण्यातच थांबून डॉक्टरांना दाखवावे. काहीच झाले नसले तरी मुक्काम करावा आणि सकाळी निघावे, शक्य तर दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग देऊन.